खाणीतला डाव: एका रोगलाइक डेकबिल्डरच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२५

आजपासून या खेळाच्या कामाची लेखी नोंद ठेवायची असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. नियम आणि प्रोग्रॅमिंग माझ्याकडे आहे, चित्रे आणि पडद्याची मांडणी माझ्या सहकारी मैत्रिणीकडे. खेळ रोगलाइक डेकबिल्डर या प्रकारातला आहे. खेळाडू एका खाणीत उतरतो, प्रत्येक मजल्यावर त्याच्यासमोर एखादे संकट उभे राहते, ते तो हातातल्या पत्त्यांनी परतवतो आणि लढत जिंकल्यावर समोर ठेवलेल्या तीन पत्त्यांपैकी एक आपल्या डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या संचात, घेऊ शकतो. प्राण संपले की डाव संपतो, आणि पुढचा डाव पुन्हा वरच्या मजल्यावरून, मूळच्या दहा पत्त्यांनिशी सुरू होतो.

रोगलाइक हा शब्द देवनागरीत लिहिला की वाचणाऱ्याच्या मनात आधी आजार येतो, पण त्याचा उगम १९८० च्या ‘रोग’ या खेळात आहे. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी घडवलेल्या त्या खेळात अक्षरांनी काढलेली भुयारे दर वेळी नव्याने रचली जात आणि मेलेले पात्र परत मिळत नसे. आमच्या खेळाचा दुसरा धागा टेबलावरच्या पत्त्यांचा आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ सारख्या खेळात डेक आधीच बांधून आणावा लागतो, डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांच्या २००८ च्या ‘डोमिनियन’ने मात्र डेक बांधणे हाच खेळ केला, ज्यात प्रत्येकाची सुरुवात त्याच दहा सामान्य पत्त्यांनी होते. पीटर व्हेलन यांच्या २०१४ च्या ‘ड्रीम क्वेस्ट’मध्ये हे दोन्ही धागे एकत्र आले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आलेल्या ‘स्ले द स्पायर’ने या प्रकाराची घडी अशी बसवली की त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक खेळाला तिच्याशी नाते सांगावे लागते. आमचेही तसेच आहे: पाच पत्त्यांचा हात, पत्ते खेळण्यासाठी दर फेरीला तीन शक्ती, लढतीनंतर तीनातून एक पत्ता. हे ऋण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

या नोंदींमध्ये मी मुख्यतः एका प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहे. असा खेळ खेळणारा माणूस जिंकण्यापेक्षा हरतो जास्त. हरल्यावर त्याने तो बंद न करता पुन्हा खाणीत का उतरावे, आणि हरण्याचे कारण त्याला स्वतःला नीट सांगता येते का, हे मला पाहायचे आहे.

२९ जानेवारी

पत्ते पिसण्याचा भाग दुसऱ्यांदा लिहिला. पहिल्या वेळी मी डेकमधल्या प्रत्येक जागेवरच्या पत्त्याची अदलाबदल संपूर्ण डेकमधल्या कोणत्याही जागेशी करत होतो, आणि पडद्यावर पत्ते व्यवस्थित मिसळलेले दिसत असल्यामुळे चूक लक्षात येत नव्हती. तीन पत्त्यांवर हिशेब मांडला तेव्हा ती उघड झाली. या पद्धतीत ३ × ३ × ३ म्हणजे २७ सारख्या शक्यतेचे मार्ग तयार होतात, तर तीन पत्त्यांचे क्रम फक्त ६ असतात; २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणजे काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणारच. योग्य रीत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी सांगितली होती आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये ती संगणकासाठी मांडली. तिच्यात प्रत्येक पायरीला, अजून न ठरलेल्या पत्त्यांमधूनच एक निवडायचा असतो. तीन पत्त्यांना ३ × २ × १, नेमके सहा मार्ग, आणि प्रत्येक क्रमाला एक.

त्याच ओघात सीडचाही विचार झाला. सीड म्हणजे ज्या संख्येतून डावातली सगळी यादृच्छिकता उगवते ती संख्या. ३२ बिटांच्या सीडला ४,२९,४९,६७,२९६ किमती असू शकतात, आणि १३ वेगवेगळ्या पत्त्यांचे क्रम असतात ६,२२,७०,२०,८००. म्हणजे तेराव्या पत्त्यापासूनच काही क्रम कधीही येऊ शकत नाहीत. ६४ बिटांचे सीड घेतले तरी ते वीस पत्त्यांपर्यंतच पुरते. न येणारे क्रम कोणाही खेळाडूला जन्मभरात जाणवणार नाहीत हे मला मान्य आहे, पण झुकलेले पिसणे मात्र जाणवते, कारण तेच पत्ते दर फेरीला मागे पडत राहतात. आम्ही ६४ बिटांचे सीड घेतले आणि हा विषय मिटवला.

१९ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा बाहेरच्या माणसांना खेळ दिला. सहा जण होते, प्रत्येक जण वेगळ्या वेळी, आणि आम्ही मागे बसून काहीही न बोलता पाहायचे असे ठरले होते. गप्प राहणे फार अवघड गेले. समोरचा माणूस ढालीचा पत्ता हातात असताना घाव वापरतो आणि पुढच्याच क्षणी त्याचे निम्मे प्राण जातात, तेव्हा तोंड मिटून बसण्यासाठी प्रयत्न करावा लागतो.

सहाही जण हरले, आणि त्यात काही वावगे नाही. काळजीची गोष्ट ही की त्यांतल्या पाच जणांनी हरण्याचे कारण एकच सांगितले: हवे ते पत्ते आले नाहीत. मी त्यांच्या डावांच्या नोंदी उघडून पाहिल्या. प्रत्येकाने प्रत्येक लढतीनंतर एक पत्ता घेतलेला होता, एकदाही नाकारलेला नव्हता, आणि मध्यावर पोहोचेपर्यंत त्यांचे डेक वीस पत्त्यांचे झाले होते.

इथे गणित निष्ठुर आहे. दहा पत्त्यांच्या डेकमधून पाच पत्त्यांचा हात उचलला तर एखादा ठरावीक पत्ता पहिल्याच हातात असण्याची शक्यता निम्मी असते. डेक वीस पत्त्यांचा झाला की ती एक चतुर्थांश होते. दोन ठरावीक पत्ते एकत्र हवे असतील तर दहा पत्त्यांत ती नऊपैकी दोन, म्हणजे सुमारे २२ टक्के, आणि वीस पत्त्यांत एकोणिसांपैकी एक, म्हणजे जेमतेम ५ टक्के. एका खेळाडूने मशाल आणि स्फोटक दारू अशी सुंदर जोडी जमवली होती. दारू हातात असताना मशाल लावली की समोरचे सगळे शत्रू भाजून निघतात. पण ती जमवल्यानंतर त्याने आणखी आठ पत्ते घेतले आणि जोडी त्यांच्याखाली गाडली गेली. शेवटच्या लढतीत ती आली नाही, आणि त्याला तो नशिबाचा घाला वाटला.

म्हणजे खेळाडूने अर्ध्या तासापूर्वी स्वतः घेतलेला निर्णय त्याच्यापर्यंत नशीब होऊन परत येतो, आणि त्या दोन क्षणांमधला दुवा आमचा खेळ त्याला दाखवत नाही. ही त्रुटी खेळाडूची आहे असे मला अजिबात वाटत नाही. समोर तीन चकचकीत बक्षिसे ठेवल्यावर एक उचलावे असेच कोणालाही वाटेल.

२४ फेब्रुवारी

पत्ता नाकारण्याचे बटण आतापर्यंत खालच्या कोपऱ्यात, राखाडी रंगात आणि बारीक अक्षरांत होते. आता ‘एकही नको’ हा पर्याय तीन पत्त्यांच्या ओळीत, त्यांच्याच आकाराचा, चौथा म्हणून उभा आहे. प्रत्येक पत्त्याखाली डेकची आताची संख्या आणि तो घेतल्यावर होणारी संख्या दिसते.

नाकारणाऱ्याला काही लहानसे बक्षीस द्यावे का, यावर आमचा बराच वेळ गेला. ‘स्ले द स्पायर’मध्ये एक अवशेष, म्हणजे वाटेत मिळणारी कायम उपयोगी वस्तू, असा आहे की तो जवळ असल्यास पत्त्याऐवजी कमाल प्राण दोनाने वाढवता येतात, आणि तिथे ते शोभते, कारण तो अवशेष स्वतःच नशिबाने मिळालेला असतो. मूळ नियमातच बक्षीस ठेवले तर नकार हा नकार राहत नाही, तो चौथा पत्ता होतो. माझ्या मते सडपातळ डेक हेच पुरेसे बक्षीस आहे. फक्त ते खेळाडूच्या नजरेला पडले पाहिजे. बक्षीस न देण्याचे ठरले.

१८ मार्च

शत्रूचा इरादा दाखवण्याचे काम पूर्ण झाले. पुढच्या फेरीत समोरचा प्राणी किती जोराने मारणार, स्वतःला वाचवणार की एखादा शाप टाकणार, हे त्याच्या डोक्यावर चिन्हाने आणि आकड्याने दिसते. ही कल्पना या प्रकारात आता इतकी रुळली आहे की तिच्यामागचे कारण विसरायला होते, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

नशीब दोन जागी बसू शकते: निर्णयाच्या आधी किंवा निर्णयाच्या नंतर. पत्ते पिसून पाच हातात आले, आणि आता या पाचांचे काय करायचे ते मी ठरवायचे, हे आधीचे नशीब झाले. मी घाव घालायचे ठरवले आणि तो लागेल की हुकेल हे मागाहून फासा ठरवणार, हे नंतरचे. पहिल्या प्रकारात नशीब प्रश्न विचारते आणि उत्तर माझे असते. दुसऱ्या प्रकारात माझे उत्तर बरोबर असूनही ते खोडले जाऊ शकते. आमच्या पहिल्या आराखड्यात प्रत्येक घाव दहात एकदा हुकत असे, आणि फेब्रुवारीतल्या प्रत्येक खेळाडूला नेमके ते हुकलेले घाव आठवत होते. लागलेल्या नऊ घावांबद्दल कोणी बोलले नाही. आज हुकण्याचा नियम पूर्णपणे काढून टाकला. निर्णयानंतरचे नशीब आता फक्त अशा मोजक्या पत्त्यांत उरले आहे ज्यांवर ते स्पष्ट लिहिलेले आहे, उदाहरणार्थ ‘अंधारातला घाव’, जो कोणत्या शत्रूला लागेल ते सांगता येत नाही. ज्याला ते नको असेल त्याने तो पत्ता घेऊ नये.

बदल केल्यावर त्याच सहांपैकी तिघांना पुन्हा बोलावले. फरक ऐकू येण्याजोगा होता. एकाने मोठ्याने बेरजा करायला सुरुवात केली: समोरून अकरा येणार, दोन ढालींनी दहा अडतील, एक प्राण जाईल, उरलेल्या एका शक्तीत एक घाव बसेल आणि समोरचा पुढच्या फेरीत पडेल. त्याची प्रत्येक फेरी पूर्वीपेक्षा लांबली, आणि त्या लांबण्यात कुठेही कंटाळा नव्हता. गेल्या दोन महिन्यांतला हा माझ्यासाठी सर्वांत समाधानाचा अर्धा तास होता.

२ एप्रिल

पत्त्यांवरची भाषा दुरुस्त केली. ‘या डावात’ असे शब्द असलेला पत्ता एका खेळाडूने फक्त चालू फेरीपुरता समजला, दुसऱ्याने लढतीपुरता, आणि आम्हाला अभिप्रेत होता खाणीत उतरल्यापासून मरेपर्यंतचा काळ. पत्ते खेळणाऱ्यांच्या तोंडी डाव या शब्दाला हे सगळेच अर्थ असल्यामुळे चूक आमचीच. आता फेरी, लढत आणि उतरण असे तीनच शब्द काळासाठी वापरायचे. डाव हा शब्द बोलण्यात आणि या नोंदींत राहील, पत्त्यांवर येणार नाही.

६ मे

गेले काही आठवडे, परवानगी देणाऱ्या खेळाडूंच्या डावांच्या नोंदी आमच्याकडे जमा होत आहेत: कोणते पत्ते समोर आले, कोणते घेतले, कोणते सोडले, कुठे मरण आले. ‘स्ले द स्पायर’च्या दोन निर्मात्यांपैकी अँथनी जोव्हानेटी यांनी २०१९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये, खेळाचा समतोल साधण्यासाठी अशा नोंदी कशा वापरल्या याचे सविस्तर विवेचन केले होते, आणि आमच्या कामाचा आरंभ तिथूनच झाला. पण नोंदी गोळा करणे सोपे आणि त्या वाचणे कठीण, हे या आठवड्यात चांगलेच कळले.

मी पहिल्यांदा साधा तक्ता काढला: प्रत्येक पत्ता, आणि तो डेकमध्ये असलेल्या डावांपैकी किती जिंकले. ‘शिलारस’ सर्वांत वर आला आणि ‘मलमपट्टी’ जवळजवळ तळाला गेली. पहिल्याला कमजोर करावे आणि दुसरीला बळकट करावे असे तक्ता सांगत होता, आणि मी तसे करायला बसलोही होतो. सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारला: शिलारस मिळतो कुठे? तो तिसऱ्या थराच्या, म्हणजे सलग मजल्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या, वर कधी येतच नाही. ज्याच्या डेकमध्ये तो आहे तो खेळाडू आधीच दोन थर जिवंत ओलांडून आलेला असतो. म्हणजे त्याच्या विजयाचे श्रेय शिलारसाकडे जाते, तर ते आधीच्या वीस निर्णयांचे असते. मलमपट्टीचे नेमके उलटे आहे. ती घेतो कोण? ज्याचे प्राण संपत आले आहेत तो. बुडणाऱ्यांच्याच हातात सापडते म्हणून दोरी वाईट ठरत नाही.

आता आम्ही तुलना बदलली आहे. एकाच मजल्यावर, साधारण तेवढेच प्राण उरलेले असताना, तोच पत्ता समोर आलेले दोन गट घ्यायचे, एक ज्यांनी तो घेतला आणि एक ज्यांनी सोडला, आणि पुढे कोण किती खोल गेले ते पाहायचे. असे पाहिल्यावर शिलारस ठीकठाक पत्ता ठरतो आणि मलमपट्टी बरीच चांगली. ही तुलनासुद्धा निर्दोष नाही, कारण जाणकार खेळाडू योग्य वेळीच पत्ता घेतात आणि त्यांचे कौशल्य पुन्हा पत्त्याच्या खात्यात जमा होते. म्हणून नवख्यांच्या आणि मुरलेल्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या आहेत.

आणखी एक गोष्ट तक्त्यात कधीच येत नाही. ‘प्रतिध्वनी’ हा पत्ता, जो आधी खेळलेल्या पत्त्याची निम्मी ताकद पुन्हा उमटवतो, कोणत्याही मोजमापाने सामान्य आहे, पण खेळाडू त्याच्याबद्दल न विचारता बोलतात, त्याच्याभोवती डेक बांधू पाहतात आणि त्यात हरले तरी पुढच्या वेळी पुन्हा तोच शोधतात. अशा पत्त्याला मी आकड्यांच्या आधारे हात लावणार नाही.

११ जून

आजची नोंद एका चुकीची आहे. आमच्या एका नियमित खेळाडूने तीन आठवड्यांपूर्वी कळवले होते की पहिल्या पेटीत कंदील निघाला की ठरावीक दुर्मीळ पत्ता पहिल्या बक्षिसात येतोच. माणसाला योगायोगातही आकृत्या दिसतात असे मनाशी म्हणून मी ते बाजूला ठेवले. त्यांनी धीर न सोडता पंधरा सीड लिहून पाठवले. पंधराही वेळा ते खरे निघाले.

कारण असे. पेटी उघडली की नाही यावरून पुढच्या लढतीतले पत्ते बदलू नयेत, म्हणून आम्ही पेट्या, बक्षिसे, पिसणे आणि शत्रू यांच्यासाठी यादृच्छिक संख्यांचे वेगवेगळे प्रवाह केले होते. तो विचार बरोबर होता. पण त्या सगळ्या प्रवाहांना सुरुवातीला एकच सीड दिले होते, त्यामुळे प्रत्येक प्रवाहातून निघणारी पहिली संख्या तीच, दुसरी तीच, आणि पेटीतल्या पहिल्या वस्तूवरून पहिल्या बक्षिसाचा अंदाज बांधता येत होता. ‘स्ले द स्पायर’च्या खेळाडूंनाही त्या खेळात याच जातीचे परस्परसंबंध सापडले होते, आणि ते मला वाचून माहीत असूनही स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये तपासावेसे वाटले नाही, याची खंत आहे. आता प्रत्येक प्रवाहाचे सीड मूळ सीड आणि त्या प्रवाहाचे नाव यांच्या मिश्रणातून काढले जाते. त्या खेळाडूंना सविस्तर पत्र लिहून आभार मानले आणि तीन आठवडे दुर्लक्ष केल्याबद्दल क्षमा मागितली.

एक विचार मात्र मनातून जात नाही. हे त्यांच्या लक्षात आले, कारण ते आमचा खेळ आमच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन खेळत आहेत.

१५ जुलै

एका खेळाडूने न संपणारी फेरी शोधली. डेक काटून काटून पाच पत्त्यांवर आणायचा, त्यातले दोन पत्ते आणखी पत्ते उचलू देणारे आणि दोन शक्ती परत करणारे असावेत, आणि मग समोरचा शत्रू पडेपर्यंत फेरी संपतच नाही. सहकाऱ्याचे मत होते की हे ताबडतोब बंद करावे. मला मात्र तेवढीच खात्री आहे की असा डेक बांधता येणे हा या प्रकारातला सर्वोच्च आनंद आहे. तो बांधण्यासाठी खेळाडूला सतत नकार द्यावा लागतो, पत्ते काढून टाकणाऱ्या जागा हेरून मार्ग आखावा लागतो, आणि मधल्या सगळ्या लढती अर्धवट डेकवर निभावून न्याव्या लागतात.

‘स्ले द स्पायर’ने यावर शोधलेले उत्तर मला फार आवडते. तिथे अनंत साखळ्या शक्य आहेत, पण ‘टाइम ईटर’ नावाचा एक शत्रू खेळाडूचे पत्ते मोजतो आणि बारावा पत्ता पडला की फेरी तिथेच संपवतो. म्हणजे बंदी नाही, पण त्या वाटेवर एक राखणदार आहे. आम्हीही खाणीच्या तळाशी असाच विचार करून एक शत्रू ठेवला आहे. त्याच्यासमोर प्रत्येक दहाव्या पत्त्याला छताचा एक दगड कोसळतो. तो कुठल्या मजल्यावर उभा आहे हे नकाशावर सुरुवातीपासून दिसते. साखळीचा डेक बांधणाऱ्याला त्याच्यासाठी दुसरी काही तजवीज करावीच लागेल.

२५ ऑगस्ट

आतापर्यंतचे सगळे काम खेळ हातात आलेल्या माणसांसाठी होते. खेळ त्यांच्या हातात जाणार कसा, हा प्रश्न आता पुढे ढकलता येत नाही. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात आमचे पान तयार आहे, आणि ते उघडणारा माणूस पहिली काही क्षणचित्रे पाहून निर्णय घेतो.

याबाबतीत दोन उदाहरणे आम्ही समोर ठेवली. ‘स्ले द स्पायर’ अर्ली ॲक्सेसमध्ये आला तेव्हा त्याची सुरुवात संथ होती, आणि थेट प्रक्षेपणात खेळून दाखवणाऱ्यांनी तो उचलल्यावर चित्र पालटले. हा प्रकार पाहायला चांगला असतो याचे कारण मला मार्चमधल्या त्या मोठ्याने केलेल्या बेरजांत दिसते. इरादा आणि हात दोन्ही उघडे असल्यामुळे पाहणाराही मनातल्या मनात फेरी खेळतो, आणि खेळणाऱ्याने वेगळा पत्ता टाकला की त्याला राहवत नाही. दुसरे उदाहरण ‘बलाट्रो’चे. लोकलथंक या टोपणनावाने वावरणाऱ्या एकट्या निर्मात्याचा तो खेळ २० फेब्रुवारी २०२४ रोजी प्रकाशित झाला आणि साधारण महिन्याभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. त्याचे एक चित्र पाहिले तरी काय चालले आहे ते कळते, कारण जोडी, रंग, सलग पत्ते हे पोकरचे हात असंख्य लोकांना आधीच ठाऊक असतात; नवे शिकायचे ते फक्त त्या हातांचे गुण फुगवणारे जोकर.

आमच्या खाणीला तसा ओळखीचा आधार नाही. आमच्या पानावरचे पहिले चित्र आतापर्यंत खाणीच्या तोंडाचे होते: सुंदर, धुक्यात बुडालेले आणि काहीही न सांगणारे. सहकाऱ्याने ते दोन आठवडे खपून काढले होते, तरी तिनेच ते खाली सरकवण्याचा प्रस्ताव मांडला. आता पहिले चित्र एका अडचणीच्या फेरीचे आहे. समोरून अठरा येणार आहेत, खेळाडूकडे बारा प्राण आहेत, हातात पाच पत्ते आणि तीन शक्ती. जगण्याचा एकच मार्ग आहे आणि तो चित्रातच आहे. ज्याला ते कोडे सोडवावेसे वाटेल तो आमचा खेळाडू. ज्याला वाटणार नाही त्याला फसवून आत आणण्यात कोणाचेच भले नाही, आणि स्टीमवर दोन तासांहून कमी खेळलेला खेळ १४ दिवसांत परत करता येतो हेही विसरून चालणार नाही.

ऑक्टोबरच्या स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे आगामी खेळांच्या उत्सवात, डेमो ठेवायचे ठरले. एका खेळाला त्या उत्सवात एकदाच भाग घेता येतो, म्हणून जूनमध्ये घाई केली नाही हे बरे झाले. जूनच्या सुरुवातीला ती सीडची चूक तशीच होती.

२२ सप्टेंबर

डेमो किती लांब असावा यावर एकमत झाले: पहिला थर पूर्ण, म्हणजे एक उतरण साधारण वीस मिनिटांची. हरल्यावर दिसणारा पडदा नव्याने केला. पूर्वी त्यावर फक्त मजला आणि गुण असत. आता तिथे शेवटच्या लढतीचा हात, उचलायचे राहून गेलेले पत्ते, आणि पूर्ण उतरणीत घेतलेल्या पत्त्यांची रांग मजल्यांच्या क्रमाने दिसते. प्रत्येक पत्त्याखाली तो किती वेळा हातात आला आणि किती वेळा खेळला गेला याचे दोन आकडे आहेत. सल्ला एकही शब्दाचा नाही. तुम्ही इथे चुकलात असे खेळाने सांगणे मला उद्धटपणाचे वाटते, आणि बऱ्याचदा ते खोटेही असेल.

१८ ऑक्टोबर

उत्सवाचा सहावा दिवस. अभिप्राय येत आहेत आणि आम्ही दोघे आळीपाळीने ते सगळे वाचत आहोत. काहींना खेळ फार कठीण वाटतो, काहींना पहिला थर सोपा. दोन्ही तक्रारी एकाच तासात आल्या. पुष्कळांनी ‘स्ले द स्पायर’शी तुलना केली आहे, काहींनी आमच्या बाजूने आणि काहींनी विरुद्ध, आणि दोघांचेही बरेचसे बरोबर आहे. काही जणांना इरादा दाखवणारी चिन्हे लहान पडद्यावर वाचता येत नाहीत. ही तक्रार इतक्या वेळा आली आहे की ती आजच हाती घेतली.

पत्ते आले नाहीत म्हणून हरलो, हे वाक्य अजूनही येते, पण त्याच्यामागे आता दुसरे वाक्य जोडलेले असते. आज दुपारी आलेल्या एका अभिप्रायात खेळाडूने हरलेल्या पडद्यावरची रांग स्वतः वाचून लिहिले होते की चौथ्या मजल्यावर घेतलेला ‘लोखंडी पहारा’ त्यांच्या हातात सात वेळा आला आणि एकदाही खेळला गेला नाही, कारण त्याला तीन शक्ती लागतात आणि त्यांचा बाकीचा डेक एका शक्तीच्या पत्त्यांचा होता. म्हणजे सात वेळा त्यांनी पाचाऐवजी चार पत्त्यांचा हात खेळला. खाली त्यांनी सीड दिले होते आणि त्याच सीडवर, तो पत्ता न घेता, पुन्हा उतरत असल्याचे कळवले होते.

रात्री आम्हीही ते सीड टाकून उतरलो. सहकाऱ्याने चौथ्या मजल्यावर ‘एकही नको’ निवडले आणि तळापर्यंत गेली. मी लोखंडी पहारा घेतला, त्याच्याभोवतीच डेक बांधायचा प्रयत्न केला आणि नवव्या मजल्यावर संपलो. पहाऱ्याची किंमत दोन शक्ती करावी का, हे सोमवारी नोंदी पाहून ठरवायचे आहे. उद्या दिवसभर चिन्हांचा आकार.